पोटाचं ऑपरेशन आणि न हरवलेली अंगठी

माझ्या हातून आयुष्यात घोळ बरेच झालेत, पण ज्यात पाच बायका, दोन पुरुष आणि एक तांदळाची चाळण कामाला लागली, असा घोळ एकच. तो आज सांगून टाकतो. मधे हसू नका. तुम्ही हसलात की मीही हसतो, आणि मी हसलो की पोटावरची शिवण अजून ओढते.

हो, शिवण. तिथूनच सुरुवात करतो.

मी उरणकडचा माणूस. आजोबांची मिठागरं होती. ती गेली, मग न्हावा-शेव्याला आमचे कंटेनरचे ट्रेलर लागले आणि ट्रेलरबरोबर मला ऑफिसातली फिरती खुर्ची मिळाली. त्या खुर्चीत पंचवीस वर्षं बसून मी एक पोट तयार केलं. पुढे रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी घाबरवलं, आणि मी खरोखर घाबरलो. दीड वर्ष भाताकडे बघितलं नाही, रोज सकाळी चाललो, वजन उतरवलं. सगळ्यांनी कौतुक केलं. पण चरबी गेली आणि कातडी मागे राहिली. रिकाम्या गोणीसारखी पोटावर लोंबायची. शर्ट खोचला की पट्ट्यावरून बाहेर डोकवायची, नाही खोचला तर आत हलायची. बायको, म्हणजे नंदा, म्हणायची की कपड्यांच्या आत कुणाला दिसतंय? अहो, पण मला दिसत होतं ना.

मग मी गुपचूप नवी मुंबईतल्या एका डॉक्टरबाईंना दाखवलं. अशी सुटलेली कातडी कापून पोट पुन्हा ताणून शिवायचं एक ऑपरेशन असतं. टमी टक म्हणतात त्याला. नाव ऐकून वाटतं लहान पोरांचा खेळ असेल. तसा तो नसतो. कमरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवतात.

आता बावन्न वर्षांच्या बाप्याने छान दिसावं म्हणून पोट शिवून घेतलं, हे आमच्या गावात कळलं असतं तर काय झालं असतं? पुढची दहा वर्षं गावातल्या प्रत्येक हळदीला बायकांनी माझ्यावर गाणी म्हटली असती. म्हणून आम्ही गावात सांगितलं की मी मौनाच्या शिबिराला चाललोय. तीन आठवडे. फोन बंद. माझ्यासारखा माणूस तीन आठवडे गप्प बसणार, यावर कुणाचा विश्वास बसला नाही, पण मी गेल्यावर विचारणार कुणाला?

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरबाईंनी समोर बसवून समजावलं. मला वाटलं होतं, टाक्यांबद्दल बोलतील. त्या पायांबद्दलच बोलत राहिल्या. शेवटी मी म्हटलं, मॅडम, ऑपरेशन पोटाचं आहे ना? तेव्हा त्यांनी कागदावर एक पाय काढला, त्यात शिरा काढल्या, आणि सांगितलं की अशा मोठ्या ऑपरेशननंतर माणूस दुखतं म्हणून पडून राहतो, पोटाला घट्ट पट्टा असतो, आणि पायांतलं रक्त रेंगाळायला लागतं. रेंगाळलेलं रक्त साकळतं आणि पोटरीत गुठळी होते. ती गुठळी जागची सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर माणूस हातचा जाऊ शकतो. पोट मी नीट शिवीन, त्या म्हणाल्या, पण पाय तुमचे तुम्हाला सांभाळायचेत.

हे मला लगेच समजलं. बंदराच्या गेटवर एक ट्रेलर बंद पडला की मागे हायवेपर्यंत काय होतं, ते मी रोज बघतो. मी त्यांना तसं म्हणालो. त्यांना ते पटलं.

"बरोबर. म्हणून तुमचे ट्रेलर चालते ठेवायचे," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी दोन सिस्टरनी मला उभं करून चालवलं. मी त्यांना मनातल्या मनात जे बोललो ते इथे सांगत नाही. सहाव्या दिवशी पोटातल्या नळ्या काढून मला सोडलं, आणि सोडताना डॉक्टरबाईंनी सगळं परत म्हणून दाखवलं. जागं असेपर्यंत दर तासाला उठून चालायचं. बसलेलं असताना पावलं वरखाली हलवत राहायचं, पाणी भरपूर प्यायचं. रक्त साकळू नये म्हणून रोज एक इंजेक्शन मांडीत टोचून घ्यायचं, ते कसं टोचायचं हे सिस्टरनी शिकवलं होतं. मांडीपर्यंत येणारे घट्ट पांढरे मोजे घालायचे आणि ते काही झालं तरी खाली गुंडाळायचे नाहीत. एक पोटरी सुजली, दुखली, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर फोन करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. सोबत एक माणूस कायम हवं. आणि पोट ताणून शिवलंय, म्हणून अजून आठवडाभर तरी सरळ उभं राहायचं नाही, कमरेत वाकून चालायचं.

मी सगळ्याला हो म्हटलं. हो म्हणण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

घरी जाता येत नव्हतं, मी शिबिरात होतो. आमच्या धंद्यातल्या ओळखीचे मोहनभाई म्हणून एक मुंबईचे व्यापारी आहेत, त्यांचं किहीमला नारळाच्या वाडीत कॉटेज आहे. त्यांना सांगितलं, जरा हवापालट करायचाय. त्यांनी लगेच हो म्हटलं. सोडलं त्याच दुपारी आम्ही निघालो. सलग बसायचं नाही म्हणून नंदाने वडखळला गाडी थांबवली आणि मी गाडीभोवती वाकून पाच फेऱ्या मारल्या. तिथल्या टपरीवाल्याने विचारलं की टायर बसलाय का. मी हो म्हणालो. खोटं बोलायला ती चांगली सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाला परत जावं लागलं, कारण घरी माझी ऐंशी वर्षांची आई एकटी होती. नंदाचा पाय निघत नव्हता. ती म्हणाली, निदान इथल्या बाईला तरी खरं सांगू, ती लक्ष ठेवील. मी म्हटलं, अजिबात नाही. बाईला कळलं की मोहनभाईंना कळणार, मोहनभाईंना कळलं की अख्ख्या बंदराला. ती दर तासाला फोन करीन म्हणाली आणि गेली.

ती बाई म्हणजे बेबीताई. पन्नाशीची, काटक, कमरेला चाव्यांचा जुडगा. ती आणि तिचा नवरा नारायण, दोघं पंधरा वर्षं ते कॉटेज सांभाळत होती. नारायण कमी बोलणारा. बेबीताई त्याच्या वाट्याचंही बोलायची.

सकाळी दहाला मी पहिल्या फेरीला बाहेर पडलो. डोळ्यांपुढे आणा जरा. ढगळ पायजमा, त्याच्या आत पांढरे मोजे, वर लांब झब्बा, आत पट्टा, आणि मी कमरेत काटकोनाएवढा वाकलेलो. एक एक पाऊल टाकत, नजर जमिनीवर. दुसरीकडे ठेवणार कुठे? गेटपर्यंत गेलो, वळलो, विहिरीपर्यंत आलो, वळलो. अकराला परत तेच. बाराला परत.

बाराच्या फेरीला समोर दोन पाय येऊन थांबले. मी मान वाकडी करून वर बघितलं. बेबीताई होती.

"शेठ, सकाळपासनं बघते. काय शोधताय व्हय?"

आता माणसाने काय सांगावं? चप्पल सांगता आली असती. चष्मा सांगता आला असता. पण ती माझ्या हाताकडे बघत होती. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलात अंगावरचं सगळं काढायला लावतात, म्हणून माझी लग्नातली अंगठी नंदाकडे होती, आणि पंचवीस वर्षं घातलेल्या अंगठीचा पांढरा वळ माझ्या बोटावर ठळक दिसत होता. मी म्हणालो, अंगठी.

एवढंच बोललो हो. एकच शब्द.

बेबीताईच्या चेहऱ्याचा रंग उडाला. लग्नातली का, तिने विचारलं. मी मान हलवली. तिने पदर खोचला, नारायणला हाक मारली, आणि दोघं विहिरीपासून गेटपर्यंत वाकून शोधायला लागली. त्यांच्या पाठीमागून मीही वाकून चालत होतो. दहा मिनिटं मला बरंच वाटलं. निदान आता मी एकटा वाकलेला नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर अंगणात पाच बायका. आजूबाजूच्या कॉटेजांत झाडलोट करणाऱ्या चौघींना बेबीताई घेऊन आली होती. नारायणने नारळ पाडणाऱ्या माणसाला बोलावलं होतं, झावळ्या बाजूला करायला. त्यांनी वाडीचे पट्टे पाडून घेतले, पाचोळा गोळा केला, आणि ज्या वाटेने मी फिरलो होतो त्या वाटेवरची वाळू बेबीताईने तांदूळ चाळायच्या चाळणीने चाळायला घेतली. दुपारपर्यंत त्यांना एक कानातलं, एका गाडीची गंजलेली चावी आणि कुणाची तरी अर्धी कवळी सापडली. ती अंगणात एका ताटात मांडून ठेवली. प्रत्येक वस्तू सापडली की मला दाखवायला आणायचे. कवळीसुद्धा.

आणि मला कुणी चालू देईना. मी उठलो की चाळण थांबायची. पाच जणी एकदम म्हणायच्या, शेठ, तुमी बसा, वाकून वाकून तुमच्या कमरेचा काटा ढिला झालाय. व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, तिच्यात मला हाताला धरून बसवायच्या. मी दोनदा म्हटलं, मला फिरायला आवडतं. त्यांना वाटलं, अंगठीपायी माणसाला राहवत नाहीये. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

नंदाचा फोन यायचा. चाललात का? मी म्हणायचो, चाललो. मोजे आहेत ना? आहेत. पाणी? पितोय. यातलं पाणीसुद्धा खरं नव्हतं, कारण पाणी प्यालो की उठावं लागायचं आणि उठलो की पाच बायका बसवायच्या. मोजे होते, पण उकडत होतं, आणि खुर्चीत बसल्यावर ते पायजम्याच्या बाहेर दिसतील अशी मला भीती. म्हणून मी ते गुडघ्याखाली घट्ट गुंडाळून ठेवले होते. नेमकं जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते. पावलं वरखाली करायची, तीही विसरलो. इंजेक्शन मात्र रोज सकाळी टोचत होतो. तेवढा एक शहाणपणा माझ्या नावावर लिहून ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोहनभाईंचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. म्हणाले, शेठ, मी शरमिंदा आहे. माझ्या घरात तुमची लग्नातली अंगठी जावी. त्या बाईला आजच काढतो, दुसरं कुणी बघतो.

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, तिनेच. सकाळी तिचाच फोन आला होता.

मी फोन ठेवला आणि बघितलं तर बेबीताई दारात उभी होती. तिने कमरेचा जुडगा काढला आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवला. शेजारी एक कापडी पिशवी ठेवली, तिच्यात तिची दोन लुगडी, औषधाची डबी, देवाचा फोटो. म्हणाली, आमच्या खोलीतलं सगळं नारायण बाहेर मांडतोय, तुम्ही येऊन बघा.

"पंधरा वर्सं झाली शेठ. हितनं एक चमचा हालला न्हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही.

खरं सांगायची वेळ कुठली असेल तर ती होती. तुम्ही असता तर सांगितलं असतं. मी काय केलं? मी म्हणालो, बेबीताई, अंगठी सापडली. बॅगेच्या कप्प्यात होती. आत्ताच मिळाली.

तिने डोळे मिटले. मग दारातूनच नारायणला ओरडून सांगितलं. दोन मिनिटांत सगळी टोळी व्हरांड्यात जमा झाली. नारायणने नारळ आणला होता, देवापुढे फोडायला. सगळे माझ्या हाताकडे बघत उभे. बेबीताई म्हणाली, घाला ना शेठ, बघू द्या सगळ्यांना, म्हणजे आमच्या जिवाला बरं वाटेल. मी म्हटलं, घालतो नंतर. ती म्हणाली, नंतर का? आणतो म्हणून मी खुर्चीतून उठलो. विचार असा, की आत जाऊन कडी लावून घ्यायची आणि पुढचं पुढे बघू.

उठलो आणि उजव्या पोटरीतून अशी कळ गेली की खाली बसलो. पायजमा वर केला. उजवा पाय डाव्याच्या दीडपट सुजला होता, कातडी चकचकीत झाली होती.

त्या क्षणी मला कागदावर काढलेला तो पाय दिसला. शिरा दिसल्या. अंगठी, मोहनभाई, गाव, सगळं डोक्यातून गेलं. मी म्हणालो, मला दवाखान्यात न्या, लगेच. बेबीताईने का म्हणून विचारलं नाही. समोरच्या कॉटेजला सामान उतरवायला टेम्पो आला होता, तो तिने थांबवला, मला पुढे बसवलं, नारायण मागे चढला. अलिबागपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. मी वाटेत नंदाला फोन करून पाय सुजल्याचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली की निघते.

अलिबागच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि विचारलं, नुकतं काही ऑपरेशन झालंय का? मी हळू आवाजात म्हटलं, पोटाचं. ते म्हणाले, पोटाचं म्हणजे कसलं? अपेंडिक्स, हर्निया? मी बेबीताईकडे बघितलं. ती जागची हलणार नव्हती. मी झब्बा वर केला, पट्टा सोडला. कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची शिवण बघून बेबीताई भिंतीला टेकली. नारायण खिडकीबाहेर बघायला लागला.

मग मला सगळं सांगावं लागलं. कातडी, डॉक्टरबाई, चालणं, वाकणं. आवाज लहान ठेवला, पण खोली त्याहून लहान होती.

त्यांनी मला झोपवून पायाची सोनोग्राफी केली. पायाला थंडगार काहीतरी लावलं आणि यंत्र मांडीपासून पोटरीपर्यंत दाबत दाबत नेलं. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलत होतं. खोटं कशाला सांगू, मी खूप घाबरलो होतो. आईला काय सांगतील, हे मनात आलं. मग आलं, की शिबिरात गेलेला माणूस किहीमला कसा मेला, हे नंदा लोकांना कसं समजावणार? आणि मग आलं, की ज्या पोटासाठी हे सगळं केलं, ते अजून मी धड उभं राहून आरशात बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि म्हणाले, गुठळी नाही.

मग त्यांनी माझा पाय वर करून मला दाखवला. गुडघ्याखाली दोरीने आवळल्यासारखा खोल लाल वळ होता. मोजा गुंडाळून गुंडाळून त्याचं रबराचं कडं झालं होतं, आणि कालपासून न हलता बसल्यामुळे त्याच्या खालचं सगळं तिथेच तुंबलं होतं. ते म्हणाले, आज नुसतीच सूज आहे. इंजेक्शन चुकवलं नाहीत आणि वेळेवर आलात. असेच आणखी दोन दिवस बसला असता तर मी काही सांगू शकत नाही. आता मोजा नीट घाला आणि चाला.

मला चालायचंच होतं हो तीन दिवस. पण हे त्यांना काय सांगणार?

तासाभराने नंदा आली, धावतच. तिने आधी माझा पाय बघितला, मग डॉक्टरांना भेटली, मग माझ्यावर चिडली, या क्रमाने. चिडताना ती हातवारे करत होती. तिच्या अंगठ्यात माझी अंगठी होती. हरवू नये म्हणून तिने ती तिथे घातली होती.

बेबीताईला ती दिसली. तिने अंगठीकडे बघितलं, मग माझ्या बोटावरच्या वळाकडे.

"म्हंजे हरवलीच नव्हती?"

"नाही."

"मंग तुमी वाकून काय शोधत होता?"

"काही नाही. मला सरळ उभं राहता येत नव्हतं."

नंदा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, चाव्यांच्या जुडग्यासकट. सांगताना माझी मान खाली होती, आणि या वेळी ती टाक्यांमुळे नव्हती. बेबीताईची माफी मागितली. तिच्यासमोरच मोहनभाईंना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि पहिल्यापासून खरं सांगितलं. कातडीसकट. मोहनभाई इतका वेळ हसले की मला वाटलं फोन बिघडला. मग त्यांनी बेबीताईला फोनवर घेऊन माफी मागितली. ती फक्त हूं म्हणाली. संध्याकाळपर्यंत न्हावा-शेव्याच्या निम्म्या ऑफिसांतून माझ्या पोटाची चौकशी करणारे मेसेज आले.

टेम्पोवाला केव्हाच गेला होता. परतताना नंदाच्या गाडीत बेबीताई मागे बसली होती. थळ मागे पडलं तेव्हा ती पुढे वाकून म्हणाली.

"सांगायचं ना शेठ. आमी काय हसलो असतो?" मग तिने थोडा विचार केला. "हसलो असतो. पण माझी चाळण तरी वाचली असती. तिची जाळी फाटली."

पुढचे दहा दिवस नंदा तिथेच राहिली. आईकडे माझी बहीण जाऊन राहिली, तिलाही अर्थात सगळं सांगावं लागलं. बेबीताईने मला माफ केलं की नाही ते मला नक्की कळलं नाही, पण माझं चालणं तिने ताब्यात घेतलं. दर तासाला ती दाराशी यायची आणि, शेठ उठा, गुठळी होईल, असं एवढ्या मोठ्याने सांगायची की समुद्रावर चाललेले पर्यटक थांबून बघायचे. मी गेट ते विहीर, विहीर ते गेट. ती पायरीवर बसून फेऱ्या मोजायची. मी एक कमी केली की तिला कळायचं. त्या चौघीही येता-जाता विचारायच्या, आज किती झाल्या? रोज थोडा थोडा मी सरळ होत गेलो.

निघायच्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण ताठ उभा राहिलो. नवा शर्ट, खोचलेला. पोट एकदम सपाट, पट्ट्यावर काही नाही, आत काही हलत नाही. व्हरांड्यात आलो. बेबीताई आणि नारायण निरोप द्यायला उभे होते. त्यांनी मला आतापर्यंत वाकलेलाच बघितला होता. मी जरा छाती पुढे काढून उभा राहिलो. इतकं सोसल्यावर कुणीतरी काहीतरी बोलावं एवढी अपेक्षा माणूस करणारच ना?

बेबीताईने खालपासून वरपर्यंत बघितलं. मग विचारलं की आधी कसे होता, फोटो आहे का? मी आनंदाने फोन काढला. पाच वर्षांपूर्वीचा, भाच्याच्या लग्नातला फोटो शोधला. सफारी घातलेला, गाल फुगलेले, पोट बटणांतून बाहेर यायला बघतंय. फरक तिला नीट दिसावा म्हणून मी फोटो मोठा केला.

तिने फोन हातात घेतला. फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने फोन नवऱ्यापुढे धरला.

"अवो, बघा. शेठ पयले किती छान दिसायचे."

नारायण फोटो बराच वेळ बघत राहिला. मी तिथे होतो तेवढ्या दिवसांत तो माझ्याशी क्वचितच बोलला होता. त्याने फोन मला परत दिला आणि मनापासून, अगदी हळू आवाजात विचारलं,

"परत बसवता येत न्हाय का?"